नाव पुसलं म्हणजे खासगीपण राखलं का?



आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. रिबेका स्क्लूट या अमेरिकन लेखिकेचं ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’. २०१० साली ते प्रसिद्ध झालं आणि खूप वाचलं गेलं. वैद्यकीय नीतिशास्त्राचा विषय निघाला की त्याचं नाव निघतंच. आम्हीही ते वर्गात वापरलं आहे, आणि बरीच वर्षं त्याची नुसती स्तुतीच केली आहे. निवृत्तीनंतर ते पुन्हा वाचलं तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. ती खटकण्यामागे आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती चूकही आज सांगणार आहोत, पण आधी पुस्तक.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेन्रिएटा लॅक्स ही व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतांवर वाढलेली कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ च्या सुरुवातीला ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा एक छोटा तुकडा काढला आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिला कुणी विचारलं नाही. त्या काळी विचारायची रीतच नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ ला ती वारली, वय अवघं ३१. पण त्या तुकड्यातल्या पेशी मेल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या, वाटल्या गेल्या, पुढे विकल्याही गेल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्या कामाला आल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू ऐंशीच्या दशकात याच पेशींमध्ये दिसला, आणि आज मुलींना देतात ती लस त्या संशोधनाच्या मालिकेतूनच आली. म्हणजे ज्या आजाराने ती गेली, त्याच आजारापासून इतरांना वाचवायला तिच्या पेशी उपयोगी पडल्या.

या पेशींना नाव पडलं ‘हेला’. तिच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडून. आणि लोकांसमोर, वर्तमानपत्रांत, पेशी कुणाच्या म्हणून नाव आलं ‘हेलन लेन’. हे खोटं नाव होतं.

इथे जरा थांबू. वरवर पाहिलं तर हे खोटं नाव म्हणजे गोपनीयतेची काळजीच की! रुग्णाचं खरं नाव बाहेर पडू नये, एवढाच हेतू आपण धरू. परिणाम काय झाला? वीसेक वर्षं तिच्या घरच्यांना पत्ताच नव्हता की आईच्या पेशी जगभर फिरताहेत. हेलन लेन नावाच्या, कधीच न जन्मलेल्या बाईला प्रसिद्धी मिळाली आणि हेन्रिएटा विस्मृतीत गेली. १९७३ च्या सुमारास संशोधक घरी येऊन मुलांचं रक्त घेऊन गेले. प्रयोगशाळांमध्ये हेला पेशींची इतर पेशींत भेसळ झाली होती, ती ओळखता यावी म्हणून ते रक्त हवं होतं. मुलांना वाटलं, आईचा कर्करोग आपल्याला आहे का ते तपासताहेत. मुलगी डेबोरा त्या निकालाची वाट पाहत राहिली. तो निकाल यायचाच नव्हता, कारण तशी तपासणी नव्हतीच.

स्क्लूटबाईंचं मोठं काम हे की त्यांनी ते नाव परत मिळवून दिलं. सुमारे दहा वर्षं त्या या कुटुंबाच्या मागे राहिल्या, शिव्या खाल्ल्या, दारं तोंडावर बंद झाली, तरी टिकल्या. पेशीमागे बाई आहे, बाईमागे घर आहे, हे त्यांनी वाचकाला विसरू दिलं नाही. याबद्दल वाद नाही.

मग खटकलं काय? पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखिका सांगते की यातलं कुणाचंही नाव बदललेलं नाही. पत्रकाराच्या दृष्टीने ही प्रामाणिकपणाची ग्वाही आहे. आता पुढे वाचा. या घरातल्या मुलांचे आजार, त्यांच्यावर लहानपणी झालेले अत्याचार, तुरुंगवास, डेबोराची मनःस्थिती आणि तिची औषधं, सगळं त्यात आहे. मनोरुग्णालयात १९५५ साली वारलेल्या एल्सी या मोठ्या मुलीची कागदपत्रंही. डेबोराने स्वतःपुरती संमती दिली असेल, ती देताना ती किती हेलकावे खात होती तेही लेखिकेने लपवलेलं नाही. आईची वैद्यकीय कागदपत्रं तिने बराच काळ दाखवलीच नव्हती. याआधी ऐंशीच्या दशकात एका पत्रकाराने आपल्या पुस्तकात हेन्रिएटाच्या वैद्यकीय नोंदी आणि शवविच्छेदनाचा अहवाल वापरला होता, तो वाचून तिला काय झालं हेही स्क्लूटबाईच सांगतात. पण एल्सीने कुठे संमती दिली होती? आणि हेन्रिएटाने?

आम्ही असं म्हणत नाही की पुस्तक लिहायला नको होतं. आमचा आक्षेप वेगळा आहे. या पुस्तकात अन्यायाचे दोन हिशेब मांडले आहेत: एक नावाचा आणि दुसरा पैशाचा. नाव मिळालं नाही आणि पैसे मिळाले नाहीत. दोन्ही खरे. पण एक तिसरा हिशेब आहे. माझी गोष्ट कुणी, कुणाला, कशासाठी सांगायची, हे कोण ठरवणार? या प्रश्नाच्या जवळ पुस्तक अनेकदा येतं आणि दर वेळी पुढे निघून जातं. कारण लेखिका स्वतःच त्या प्रश्नाच्या आत उभी आहे. आपण ज्यावर उभे असतो ती जमीन आपल्याला दिसत नाही.

गंमत अशी की तो तिसरा हिशेब तीनच वर्षांत समोर आला. मार्च २०१३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी हेला पेशींचा संपूर्ण जनुकसंच वाचून तो सर्वांसाठी खुला केला. कायद्याने कुणाला विचारण्याची गरज नव्हती, म्हणून विचारलं नाही. पण जनुकसंच ही काही फक्त हेन्रिएटाची खासगी बाब नव्हे. आईची निम्मी जनुकं मुलात येतात, मुलांची नातवंडांत. म्हणजे १९५१ साली वारलेल्या बाईचा जनुकसंच खुला करणं म्हणजे आज जिवंत असलेल्या, नोकरी करणाऱ्या, विमा काढणाऱ्या, लग्नं जुळवणाऱ्या तिच्या नातवंडांबद्दल काहीतरी जाहीर करणं. कुटुंबाने हरकत घेतली, स्क्लूटबाईंनीही त्याविरुद्ध लिहिलं, हे त्यांच्या श्रेयाला. संशोधकांनी तो डेटा मागे घेतला. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेने कुटुंबाशी समझोता केला: डेटा बंद राहणार नाही आणि मोकाटही सुटणार नाही. ज्याला हवा त्याने कारण सांगून अर्ज करायचा, आणि ते अर्ज तपासणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबाचे दोन सदस्य बसणार.

आता बघा, १९५० च्या दशकात नाव लपवलं होतं, आणि खासगीपण राहिलं नाही. २०१३ मध्ये नाव साऱ्या जगाला माहीत होतं, आणि तरी खासगीपण काही अंशी राखता आलं. म्हणजे निनावीपणा आणि खासगीपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय संशोधनाचा सगळा व्यवहार मात्र या दोन्ही एकच आहेत असं धरून चालतो. नाव पुसलं, पत्ता पुसला, की फाइल कुणालाही द्यायला मोकळी. आम्ही ज्याच्यावर टीका करतो आहोत ते हे गृहीतक आहे.

हे गृहीतक तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही, त्याचं एक गाजलेलं उदाहरण. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी, नावं काढून, संशोधनासाठी दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं, काळजी नको, कुणी ओळखू येणार नाही. तेव्हा लतान्या स्वीनी ही एमआयटीमध्ये शिकणारी विद्यार्थिनी होती. तिने वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. यादीत नाव, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिपकोड होता. रुग्णालयाच्या फाइलमध्ये नाव नव्हतं, पण उरलेल्या तिन्ही गोष्टी होत्या. गव्हर्नरसाहेबांच्या जन्मतारखेचे मतदार शहरात सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या झिपकोडमधला एकच. गव्हर्नरांच्या आजाराच्या नोंदी स्वीनीबाईंच्या हातात!

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो तोही सांगायला हवा. वेल्ड हे प्रसिद्ध गृहस्थ होते. मे १९९६ मध्ये ते एका पदवीदान समारंभात चक्कर येऊन पडले होते, आणि ती बातमी सर्वत्र छापून आली होती. शिवाय मतदारयादीत शहरातले सगळेच लोक नसतात. तेव्हा कुठल्याही सामान्य माणसाला असं शोधणं इतकं सोपं नाही. आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतं काय? एवढंच की शोधणाऱ्याला तुमच्याबद्दल आधीपासून काहीतरी माहीत असावं लागतं. शहरात ते फक्त प्रसिद्ध माणसाबद्दल माहीत असतं. आणि खेड्यात? खेड्यात प्रत्येक जण गव्हर्नर असतो.

आणि इथे आमची चूक येते.

आम्ही काही वर्षं एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, ते मुद्द्याचं नाही. अशा समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, समाजातला एखादा सामान्य माणूस असतो, आणि नीतिशास्त्र शिकवणारा एखादा प्राध्यापक असतो. तो प्राध्यापक आम्ही. एकदा एचआयव्हीबाधित विधवांच्या पाहणीचा डेटा दुसऱ्या संस्थेला देण्याचा प्रस्ताव आला. काम चांगलं होतं, हेतू चांगला होता. सोबत नमुन्याचा तक्ता होता. आम्ही पाहिलं, नावाचा रकाना काढलेला आहे. उरलेले रकाने: गाव, वय, शिक्षण, काम, मुलं किती. आम्ही एक-दोन प्रश्न विचारले, चहा झाला, सही केली.

पुढे तो तक्ता एका अहवालाला जोडला गेला. अहवालाच्या प्रती तालुक्याच्या कार्यालयांत गेल्या. काही महिन्यांनी पाहणीचं काम केलेल्या समाजसेविका ताई एका बाईंना घेऊन समितीच्या बैठकीला आल्या. त्या बाई एका लहान गावात अंगणवाडी सेविका होत्या. तक्त्यात त्यांच्या गावाचं नाव, आणि ‘काम’ या रकान्यात तेवढेच दोन शब्द. त्या गावात अंगणवाडी एक, सेविका एक. गोष्ट षट्कर्णी व्हायला कितीसा वेळ लागतो? आयांनी पोरं अंगणवाडीत पाठवायची बंद केली होती.

त्या बाई चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणता नाव लिहिलं नाही. पण मी सोडून दुसरं कोण आहे तिथं? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, वय लिहा, पोरं किती ते लिहा, पण काम लिहू नका.”

आम्ही त्या वेळी बरीच वर्षं कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्य आहे, हे शेकडो विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवलं होतं. आणि त्या बाईंना जे एका क्षणात कळलं ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. कारण आम्ही ‘ओळख’ म्हणजे काय हे स्वतःच्या घरातून ठरवलं. पुण्यासारख्या शहरात ‘शिक्षिका’ म्हटलं तर कुणीच ओळखू येत नाही. छोट्या वस्तीत ‘अंगणवाडी सेविका’ हे नावापेक्षाही पक्कं नाव असतं. कुठल्या गोष्टीने आपण उघडे पडू हे ज्याचं त्यालाच सगळ्यात आधी कळतं. आणि नेमकं त्यालाच विचारायची पद्धत नाही. संमतीपत्रात आपण त्याला विचारतो, भाग घेणार का? हो की नाही. पण तुमच्याबद्दलची कुठली ओळ जपायची, हे विचारत नाही.

हेलन नीसनबॉम या तत्त्वज्ञ विदुषींनी हे फार नेमकं मांडलं आहे. त्यांच्या मते खासगीपण म्हणजे माहिती लपवणं नव्हे. प्रत्येक संदर्भात माहिती कशी वाहावी याच्या काही रीती असतात, आणि त्या रीती पाळणं म्हणजे खासगीपण. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्टरला सांगितलेलं दुखणं डॉक्टरकडे असणं योग्य, तेच शब्द सोयरीक जुळवणाऱ्याच्या कानावर जाणं अयोग्य. माहितीत काही फरक पडलेला नाही, रस्ता बदलला आहे. त्या बाईंनी स्वतःचा आजार पाहणी करणाऱ्या ताईंना आपणहून सांगितला होता. तो गुपित नव्हताच. त्याची वाट चुकली, आणि ती वाट चुकवणाऱ्यांत आमची सही होती.

आता यापुढचा, आणखी अवघड मुद्दा. समजा एखादी व्यक्ती अजिबात ओळखू येत नाही. मग तरी प्रश्न मिटतो का? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाचा छोटा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या, आपसांतल्या लग्नांच्या आणि हा समाज मुळात कुठून आला याच्या अभ्यासासाठी वापरले गेले. २००३ मध्ये त्याच समाजातली एक तरुणी विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती, तिथे हे उघड झालं. तिथे कुणा एकाचं नाव घेतलेलं नव्हतं. नाव घेतलं होतं समाजाचं. त्यांची श्रद्धा अशी की आपण या दरीतलेच. आणि त्यांच्याच रक्तातून कुणीतरी सांगत होतं, तुम्ही बाहेरून आलात. खटला चालला. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्या माणसांचं रक्त त्या लोकांनी परत नेलं.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची वाटते का? आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली. जनुकशास्त्राच्या दृष्टीने एकेक जात, एकेक जमात म्हणजे एकेक दरीच. जीनोम इंडिया प्रकल्पात ८० हून अधिक लोकसमूहांतल्या १०,००० माणसांचे जनुकसंच वाचले गेले, आणि २०२५ पासून फरिदाबादच्या केंद्रातून तो डेटा संशोधकांना नियंत्रित रीतीने देण्याची व्यवस्था झाली. हे काम आवश्यकच आहे. आपल्या आजारांवर युरोपातल्या लोकांच्या जनुकांवरून औषधं किती दिवस शोधायची? पण ज्या देशात १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला गेला, आणि कायदा रद्द होऊन सत्तर वर्षं झाली तरी तो शिक्का पुसला गेलेला नाही, त्या देशात ‘अमुक समाजात अमुक दोष’ हे वाक्य छापताना हात थरथरायला हवा. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचं निदान झालेल्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी कशी अडतात, हे तिकडे काम करणाऱ्यांना विचारा.

२०२३ चा आपला डेटा संरक्षण कायदा पाहा. संशोधनाला आणि सांख्यिकीला त्याने मोठी सूट दिली आहे. अट काय? त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. ठीक आहे. पण त्या व्यक्तीच्या गावाबद्दल? जातीबद्दल? तिथे कायदा गप्प आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, तो व्यक्तीचा हक्क म्हणून. समूहाला उघडं पाडणं या अपराधासाठी आपल्याकडे अजून धड शब्दही नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग डेटा द्यायचाच नाही, कुलूपबंद ठेवायचा. नाही. आम्ही याच्या ठामपणे विरुद्ध आहोत. करोनाच्या काळातली गोष्ट आठवा. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक शोधनिबंध आला. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं असा दावा. निष्कर्ष असा की औषधाने मृत्यू वाढतात. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतला त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. लोकांनी मूळ डेटा मागितला. डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने स्वतंत्र तपासनिसांना तो द्यायला नकार दिला. कारण? ग्राहकांशी झालेले करार आणि गोपनीयता! ४ जूनला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. खासगीपणाची ढाल पुढे करून काय काय झाकता येतं, त्याचा हा नमुना.

शिवाय रुग्णाच्या बाजूनेही पाहा. ज्याने रक्त दिलं, वेळ दिला, दुखणं उघड केलं, त्याचं देणं एकाच निबंधापुरतं वापरून कपाटात टाकणं हाही त्याचा अपमानच. त्याने दिलं ते कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून. तेव्हा वाटणं हे कर्तव्य आहे, जपणं हेही कर्तव्य आहे. एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

मग वाट काय? आमच्या पिढीने पुण्यात जुन्या पोथ्या वाचल्या त्या आठवतात. पोथी घरी न्यायची नाही. ग्रंथालयात या, नोंदवहीत नाव लिहा, काय हवं ते सांगा, तिथेच बसून वाचा, टिपणं घ्या, जाताना टिपणं न्या. पोथी कपाटातच. डेटाच्या बाबतीतही हेच करता येतं, आणि केलं गेलं आहे. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ओपनसेफली नावाची यंत्रणा उभी राहिली. तिच्यातून करोनाच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तो इंग्लंडमधल्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर. त्या नोंदी जिथे होत्या तिथून हलल्याच नाहीत. संशोधकाचा प्रश्न आत गेला, उत्तराचा तक्ता बाहेर आला, आणि कुणी काय विचारलं याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवली गेली.

पण यंत्रणा म्हणजे निम्मंच उत्तर. तक्ता बाहेर येताना त्यात कुठला रकाना असावा, हे कोण ठरवणार? तिथे खुर्चीवर कुणीतरी माणूसच बसतो. लॅक्स कुटुंबाला त्या खुर्च्या मिळाल्या त्या का? तर त्यांच्यावर एक गाजलेलं पुस्तक निघालं म्हणून. हे त्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं यश आहे, आणि सगळ्यात मोठी मर्यादाही तिथेच दिसते. ज्यांच्यावर पुस्तक निघत नाही त्यांचं काय? हजारो निनावी हेन्रिएटांना प्रसिद्ध झाल्याशिवाय खुर्ची मिळणार नसेल, तर खासगीपण मिळवण्याची किंमत खासगीपण गमावणं अशी झाली! स्क्लूटबाईंच्या पुस्तकात हा विरोधाभास आहे, फक्त त्याच्याकडे बघणारी नजर नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. ज्यांच्याकडून डेटा घेतला त्यांच्यातली माणसं डेटा वाटपाच्या समितीत बसवा. शोभेला एक नव्हे, बोलू शकतील इतकी. आणि तक्ता देण्याआधी तो त्यांना दाखवा. त्या अंगणवाडी सेविका बाईंना सांख्यिकी येत नव्हती. तरी समितीच्या सगळ्या सदस्यांना मिळून जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं.

*प्रश्नोत्तरांतून*

प्रश्न असा आला आहे, की हल्ली लोक आपले आजार, शस्त्रक्रिया, सगळं स्वतःच फेसबुकवर टाकतात. मग संशोधकांनीच एवढं सोवळं का पाळायचं?

उत्तर असं, की स्वतः अंगणात येऊन बसणं वेगळं आणि कुणी आपल्या घराची भिंत पाडणं वेगळं. दोन्ही वेळा शेजाऱ्याला आपण दिसतो, एवढंच साम्य. शिवाय जो स्वतःचं टाकतो तो निवडून टाकतो. संशोधनात मात्र माणूस विश्वासाने सगळंच सांगतो.

दुसरा प्रश्न आहे की सामान्य माणसाने संमतीपत्रावर सही करताना काय पाहावं. तीन गोष्टी विचारा. माझी माहिती या संशोधनाखेरीज आणखी कुणाकडे जाऊ शकते? तिथून पुढे कशासाठी वापरली जाईल? आणि उद्या माझं मन बदललं तर काय परत घेता येईल आणि काय येणार नाही? उत्तर नीट मिळालं नाही तर सही थांबवा, त्याने उपचार अडत नाहीत आणि अडू नयेत. आणि आमच्यासारखे कुणी अशा समितीवर बसत असतील तर त्यांनी एक चौथा प्रश्न स्वतःला विचारावा: या तक्त्यात ‘मी सोडून दुसरं कोण आहे तिथं’ असं म्हणणारं कुणी आहे का?

त्या बैठकीनंतर आम्ही आणखी दोन वर्षं समितीवर होतो. प्रत्येक तक्ता पाहताना हा प्रश्न विचारला. तोवर त्या बाईंनी गाव सोडलं होतं.